जंभेरीचे बी ताजेच पेरावे

नागपुरी संत्र्याची कलमे करायची, तर आधी जंभेरीचे, म्हणजे एका आंबट लिंबूवर्गीय झाडाचे, खुंट (ज्यांवर कलम करायचे ती मुळांसकटची रोपे) हवेत. नागपुरातल्या आमच्या परसात पहिल्या वर्षी मी बी उन्हात वाळवले आणि ते जवळजवळ उगवलेच नाही. लिंबूवर्गीय बी सुकले की त्याची उगवणशक्ती जाते. आता पिकलेल्या फळातले बी धुऊन, सावलीत निथळवून लगेच पेरतो. एका बीतून अनेकदा दोन-तीन रोपे येतात व त्यांतली बहुतेक मातृवृक्षासारखीच असतात, म्हणून खुजी किंवा वेगळ्या पानांची रोपे मी, जीवावर आले तरी, उपटून टाकतो. खोड पेन्सिलीएवढे जाड झाले की जमिनीपासून २० ते २५ सेंटिमीटरवर संत्र्याचा डोळा (फांदीवरून सालीसकट काढलेला कोंब) भरतो, कारण तो खाली भरला तर मातीतल्या बुरशीने डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) लागण्याचा धोका वाढतो. खुंटाला चीर दिल्यावर साल अलगद सुटून आतले ओले, पांढरे लाकूड दिसले की डोळा लगेच सरकवावा.