बाबांची खुर्ची आणि पाच दिवसांचं ऑफिस

परवा ऑफिसकडून पत्र आलं. पुढच्या महिन्यापासून पाचही दिवस ऑफिसात यायचं, घरून काम बंद. २०२२ च्या दिवाळीपासून आमचं तीन दिवस ऑफिस, दोन दिवस घर असं चाललं होतं. रात्री उशिरापर्यंत आमच्या पायपिंग डिपार्टमेंटच्या ग्रुपवर तेच चाललं होतं. कोणीतरी मलाच विचारलं, "बेन, तमे कोनी बाजु?" (ताई, तुम्ही कोणाच्या बाजूच्या?) दोन ओळींत उत्तर देता येईना, म्हणून इथे लिहिते आहे.

मी बावीस वर्षं पायपिंग डिझाइनमध्ये आहे. बडोद्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, हे काम इथे इतकं का आहे. १९६५ मध्ये कोयलीची रिफायनरी सुरू झाली, त्याच दशकात खताचा कारखाना आला, मागून पेट्रोकेमिकल आलं. या कारखान्यांच्या पाइपांची, टाक्यांची, पायऱ्या-प्लॅटफॉर्मची ड्रॉइंग करणारी ऑफिसं मग शहरभर उगवली. कोणता पाइप कुठून जाईल, व्हॉल्व्ह किती उंचीवर बसेल, हे ठरवणं आमचं काम.

लॉकडाऊन लागायच्या आधीच्या शनिवारी, २१ मार्च २०२० ला, मी माझा डेस्कटॉप आणि दोन्ही मॉनिटर रिक्षात घालून दांडिया बाजारातल्या घरी आणले. ठेवायला एकच जागा होती, बाबांचं जुनं ड्रॉइंगचं टेबल. बाबा स्वतः ड्राफ्ट्समन. साठच्या दशकात कलाभवनात शिकलेले. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये गज्जर सरांच्या हाती सोपवून काढलेली ती संस्था. आज ती विद्यापीठाची इंजिनिअरिंगची फॅकल्टी आहे, पण आमच्या घरात तिला कलाभवनच म्हणतात. दादासाहेब फाळके तिथलेच विद्यार्थी, हे बाबा प्रत्येक पाहुण्याला सांगत.

मी कामाला बसले की बाबा शेजारी खुर्ची ओढून बसायचे. टी-स्क्वेअर आणि ट्रेसिंग पेपरवर आयुष्य काढलेल्या माणसाला थ्रीडी मॉडेल म्हणजे नवलच. मॉडेल फिरवून दाखव म्हणायचे, झूम कर म्हणायचे. आणि मग एक दिवस स्क्रीनवर बोट टेकवून विचारलं, "हे चाक फिरवायला माणूस उभा कुठे राहणार गं?" मी पाहिलं तर खरंच, व्हॉल्व्हच्या हँडव्हीलसमोर केबल ट्रे आडवा गेला होता. त्या आठवड्यात तीन वेळा मी ते मॉडेल पाहिलं होतं. मला दिसलं नव्हतं.

एप्रिल २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत बाबा गेले. त्याबद्दल इथे जास्त लिहिणार नाही. एवढंच सांगते की त्याआधी तेरा महिने आम्ही रोज दुपारी एकत्र जेवलो, गरम पोळ्या, गरम वरण. माझ्या नोकरीच्या सगळ्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. म्हणून "घरून काम म्हणजे कामचुकारपणा" असं कोणी म्हणालं की माझ्या घशाशी येतं.

पण दुसरी गोष्टही सांगायला हवी.

२०२१ च्या पावसाळ्यात आमच्याकडे एक मुलगा ट्रेनी म्हणून लागला. भरूचजवळच्या त्याच्या गावी घरीच बसून काम करायचा. हुशार, शांत, सांगितलं तेवढं चोख. त्याच्या ड्रॉइंगची चेकर मी होते. ऑफिसात असताना आम्ही आयसोमेट्रिकचा, म्हणजे एकेका पाइपलाइनच्या मापं घातलेल्या तिरक्या ड्रॉइंगचा, ए-थ्री प्रिंट काढतो. बरोबर ते पिवळं करायचं, चूक ते लाल. एकेक मितीवर पेन्सिल फिरते, आणि करणारा शेजारी बसलेला असतो. लाल खूण का केली ते त्याला तिथल्या तिथे कळतं. घरून हेच मी पीडीएफवर करत होते. संध्याकाळी सहाला फाइल पाठवायची, सकाळी दुरुस्त होऊन परत. एक प्रश्न नाही, एक फोन नाही. मला वाटायचं, किती छान चाललंय.

दहेजच्या बाजूच्या एका साइटवर त्याने केलेला एक व्हॉल्व्ह बसला आणि तिथल्या ऑपरेटरने हात वर करून दाखवलं, पोचत नाही. हँडव्हील त्याच्या पायाखालच्या प्लॅटफॉर्मपासून अडीच मीटर उंचीवर. आमच्या आयसोवर, म्हणजे त्या आयसोमेट्रिकवर, सगळी मापं बरोबर होती, कारण आयसोवर प्लॅटफॉर्म दाखवतच नाहीत. स्ट्रक्चरलवाल्यांनी, म्हणजे प्लॅटफॉर्म-सांगाड्यांचं डिझाइन करणाऱ्यांनी, मध्येच प्लॅटफॉर्म ६०० मिलिमीटर खाली घेतला होता. त्याची ईमेल सगळ्यांना आली होती, त्या दिवशीच्या शंभर ईमेलांमध्ये. ऑफिसात स्ट्रक्चरलवाले आमच्या पॅसेजच्या पलीकडे बसतात. प्लॅटफॉर्म हलला की आधी त्यांची कुरकुर ऐकू येते, ईमेल नंतर. मग स्पूल, म्हणजे पाइपाचा तयार तुकडा, कापा, पुन्हा वेल्डिंग, पुन्हा रेडिओग्राफी म्हणजे जोडाचा एक्स-रे, पुन्हा हायड्रोटेस्ट म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी. त्या मुलाला मीटिंगमध्ये बोलणी बसली. चेकर म्हणून सही माझी होती. ते मी तिथे सांगितलं, पण त्याचा चेहरा कॅमेऱ्यात पडला तो पडलाच.

त्या रात्री मी टेबलाशी बसले आणि शेजारची रिकामी खुर्ची पाहिली. माझ्या शेजारी वर्षभर कोणीतरी बसलेलं होतं. त्या मुलाच्या शेजारी कोणीच नव्हतं.

तेव्हापासून मी ऑफिसच्या बाजूची आहे, पण माझ्या कारणासाठी. पत्रातलं कारण माझं नाही. पत्रात "शिस्त" आहे, "उपस्थिती" आहे, पंचिंगची वेळ आहे. शिकवण्याबद्दल एक शब्द नाही. अमेरिकेतल्या तीन अर्थशास्त्रज्ञ बायकांनी एका मोठ्या कंपनीतल्या सॉफ्टवेअर इंजिनिअरांवर केलेलं काम मी वाचलं आहे. टीमच्या जवळ बसणाऱ्यांना आपल्या कामावर जास्त सूचना मिळतात, नवख्यांना त्याचा सर्वांत जास्त फायदा. आणि शिकवणाऱ्या जुन्या लोकांचं स्वतःचं काम मात्र तेवढं कमी होतं. हे वाचून मी अक्षरशः उठून उभी राहिले. आमच्या टाइमशीटमध्ये शिकवण्याला कोडच नाही. ज्युनियरला तासभर समजावलं तर तो तास मी कुठल्यातरी प्रोजेक्टवर चोरून लिहिते.

आणि पाच दिवस तरी का? स्टॅनफर्डचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम यांचा ट्रिप डॉट कॉम या चिनी ट्रॅव्हल कंपनीतला प्रयोग २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये आला. १,६१२ कर्मचारी, त्यातल्या निम्म्यांना आठवड्यातले दोन दिवस घर. नोकरी सोडण्याचं प्रमाण एक तृतीयांशाने घटलं, कामाच्या मूल्यमापनात आणि बढतीत फरक पडला नाही. दोन दिवस घरी राहून काम बुडत नाही, हे आता नीट मोजून झालं आहे.

शिवाय ऑगस्ट २०२४ विसरायचा कसा? विश्वामित्री नदी काठ सोडून वस्त्यांत शिरली होती, शहराच्या कितीतरी भागांत वीज नव्हती, लोक गच्चीवर बसून दुधाची वाट पाहत होते. तेव्हा याच ऑफिसचा मेसेज होता, "ज्यांना शक्य आहे त्यांनी घरून काम चालू ठेवावं, डेडलाइन आहे." मी ठेवलं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, इन्व्हर्टर संपेपर्यंत. पुरात घरून काम होतं आणि कोरड्या रस्त्यावर होत नाही, हे मला कोणीतरी समजावून सांगावं. कोरडा तरी कसला, जरा जोराचा पाऊस झाला की अलकापुरीचं गरनाळं, म्हणजे रेल्वेखालचा रस्ता, पाण्याने भरतं आणि दहा मिनिटांच्या रस्त्याला सव्वा तास लागतो. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. तिच्या दुपारच्या गोळ्या त्या सव्वा तासासाठी थांबत नाहीत.

काल मी उत्तर पाठवलं. मंगळवार, बुधवार, गुरुवार ऑफिस. त्या तीन दिवसांत रोज दोन तास चेकिंग शेजारी बसून, प्रिंटवर, आणि टाइमशीटमध्ये त्या दोन तासांना स्वतःचा कोड. सोमवार-शुक्रवार घर. स्ट्रक्चरलचेही तेच तीन दिवस असावेत, नाहीतर आम्ही येऊन उपयोग नाही. साहेबांचा फोन आला, "बेन, कोडचं बघतो, दिवसांचं अवघड आहे." बघू.

तो भरूचचा मुलगा आता बडोद्यातच राहतो. स्वतः चेकर झालाय आणि पिवळं करण्याआधी प्रत्येक वेळी मॉडेल उघडून प्लॅटफॉर्म ऑन करतो. यंदा पादरा गावची एक मुलगी ट्रेनी आली आहे. गेल्या शुक्रवारी तिचा फोन आला, एका पंपाच्या सक्शन लाइनवर अडले आहे, घरी आले तर चालेल का. लॅपटॉप घेऊन आली. आईने तिला बाबांच्या खुर्चीवर बसवलं, चहा दिला, आणि आमच्यामागे उभी राहून बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिली.