अकरा वाजता झोपलेलं पोर

ओपीडीत अकराच्या गर्दीत सहा वर्षांचा मुलगा आईच्या खांद्यावर गाढ झोपला होता. बाहेर एवढा कालवा, तरी पापणी हलेना. खानापूर तालुक्यातल्या गावाहून पहिल्या एसटीने आलेली ती बाई म्हणाली, "रात्री दोनला उठूलालंय बघा डॉक्टर, मग उजाडेस्तोवर भिंतीवर डोकं आपटूलालंय." मुलाचे वडील गोव्यात कामाला. घरात सासू म्हणते, लाडानं बिघडवलंस.

तो माझ्याकडे तिसऱ्यांदा आला होता. आधीच्या दोन्ही वेळी मी बोलणं उशिरा, हट्टीपणा, हात चावणं एवढंच लिहून घेतलं होतं. झोपेबद्दल एक अक्षर विचारलं नव्हतं. त्या चुकीची टोचणी अजून आहे.

तो जागा झाला, माझ्या टेबलावरचा शिक्का दिसला आणि आनंदाने त्याने स्वतःलाच दोन्ही हातांनी आवळून मिठी मारली. आवाज घोगरा, चेहरा रुंद. दिवसा झोप, रात्री जाग आणि ही मिठी, तिन्ही एकत्र आल्यावर मला स्मिथ-मॅगेनिस सिंड्रोम या दुर्मिळ जनुकीय आजाराची शंका आली. रक्त गुणसूत्रांच्या तपासणीला पाठवलं. सतराव्या गुणसूत्राचा बारीकसा तुकडा गहाळ निघाला. आरएआय१ हे जनुक त्याच तुकड्यात असतं, ते गेलं की हा आजार होतो.

अंधार पडला की मेंदूतली पिनियल ग्रंथी मेलाटोनिन सोडते आणि शरीराला रात्र झाल्याचं कळतं. हा आजार असलेल्या बहुतेक मुलांत हे घड्याळच उलटं चालतं. मेलाटोनिन भर दिवसा वाढतं. म्हणजे पोर हट्टी नव्हतं, रात्री दोनला त्याच्या शरीरात खरोखरच दिवस होता. हे मी सासूबाईंनाही बोलावून, चहा पाजून, सावकाश सांगितलं. औषधाइतकंच ते गरजेचं होतं असं मला वाटतं.

दमा नाही याची खात्री केली, ईसीजी आणि रक्तदाब पाहिला. मग सकाळी बीटा-ब्लॉकर, म्हणजे एरवी हृदयाचे ठोके आणि रक्तदाब कमी करायला देतात ते औषध, दिवसाचं मेलाटोनिन दाबायला. रात्री निजण्याआधी पाऊण तास मेलाटोनिनची गोळी. हे झोपेचं औषध समजून वाढवत जायचं नाही, शरीराला वेळ सांगण्यासाठी आहे, हे मी तिला दोनदा बजावलं. संध्याकाळनंतर मोबाईल बंद, खोलीत अंधार, सकाळी अंगणातल्या उन्हात खेळायला.

दोन महिन्यांनी ती भिंतीवरचं कॅलेंडरच गुंडाळून घेऊन आली. रोजच्या तारखेखाली उठल्याची वेळ. सुरुवातीला २, २, अडीच. मध्ये ताप आला तेव्हा परत २. शेवटच्या पानावर ४, ४, साडेचार.

मी म्हटलं, अजून सहापर्यंत जात नाही, बघू पुढे काय करता येतं.

"असू दे की," ती म्हणाली. "चारला म्हशीच्या धारेला मी उठतोच की."