आधी हिरड्या दाखवा

न्यू जर्सीत ऑक्टोबर लागला की आमच्या दवाखान्यात स्कंकचे फोन सुरू होतात. स्कंक म्हणजे मांजराएवढा, काळ्या अंगावर पांढरे पट्टे असलेला, रात्री हिंडणारा प्राणी. उन्हाळ्याच्या तोंडावर जन्मलेली पिल्लं एव्हाना मोठी होऊन स्वतःची जागा शोधायला निघालेली असतात, थोरले थंडीआधी खाऊन घेतात, आणि इथल्या घरांमागच्या लाकडी डेकखाली सगळ्यांना आयतं बीळ मिळतं. रात्री झोपायच्या आधी कुत्र्याला एकदा मागच्या अंगणात सोडायची पद्धत, त्यामुळे गाठ पडतेच. तसा स्कंक भांडखोर नव्हे. आधी पुढचे पाय आपटेल, फिसकारेल, शेपूट उभी करेल. माणूस असेल तर तेवढ्यावर मागे सरतो. कुत्र्याला मात्र हे सगळं खेळायचं बोलावणं वाटतं आणि तो नाक घेऊन पुढे जातो. मग शेपटीखालच्या दोन ग्रंथींतून पिचकारी येते. तीन मीटरपर्यंत नेम सहसा चुकत नाही.

मी परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाची पदवीधर. इथे डॉक्टर म्हणून काम करायचं तर परीक्षांचा वेगळा डोंगर चढावा लागतो. तो चालू असताना मी या दवाखान्यात टेक्निशियन आहे. रक्त काढणं, सलाइन लावणं, स्लाइड बघणं आणि स्कंकने भिजवलेली कुत्री धुणं. हे शेवटचं काम कुणीच मागून घेत नाही. नव्या माणसाच्या गळ्यात पडतं आणि मग तिथेच राहतं.

त्या सोमवारी सकाळी फोनवर मराठी ऐकून रिसेप्शनवालीने रिसीव्हर माझ्याकडे दिला. म्हणजे फोन करणारा इंग्रजीतच बोलत होता, पण मागून कुणीतरी मोठ्याने मराठीत सूचना देत होतं.

"शुक्रवारी रात्री स्कंकने मारलं. शनिवारी आंघोळ घातली, वास गेला होता. काल पावसात भिजला आणि परत तेच. मुलं घरात थांबायला तयार नाहीत. तुम्ही आंघोळ घालून द्याल का?"

आंघोळ घालून देऊ, म्हटलं. गाडी दवाखान्याच्या मागे लावा, कुत्र्याला पुढच्या दारातून आत आणू नका.

वास परत येण्यात नवल नव्हतं. स्कंकच्या पिचकारीत गंधकाची दोन प्रकारची संयुगं असतात. थायॉल लगेच घाण मारतात. दुसरी, थायोअ‍ॅसिटेट, स्वतः फारशी वास मारत नाहीत, पण केसांत चिकटून बसतात आणि पाणी लागलं की हळूहळू त्यांचे थायॉल होतात. कोरडा झाला म्हणून सुटलो असं वाटतं, आणि पहिल्या पावसाला घरभर पुन्हा बोंब. यातले थायॉल आपल्या ओळखीच्याच घराण्यातले. सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात जे मिसळतात तेही थायॉलच. आपलं नाक त्यांच्या बाबतीत फार तिखट आहे, हवेत नावाला असले तरी पकडतं.

गाडीतून वडील उतरले, मागोमाग नातू आणि आजी. आजी साताऱ्याच्या, दिवाळीसाठी लेकाकडे आलेल्या. नेसून पातळ, वर लेकाचं जाकीट, पायात सुनेचे स्पोर्ट शूज. कुत्रा कॉकर स्पॅनिएल, खरपूस तपकिरी रंगाचा, आणि त्या रंगावरूनच नाव पेढा. तो गाडीतून उडी मारून उतरला नाही, त्याला उचलून खाली ठेवावं लागलं.

शुक्रवारच्या रात्रीची हकिकत आजींनीच सांगितली. पेढ्याला बाहेर त्यांनीच सोडला होता. तो ओरडत आत आला, सोफ्यावर तोंड घासायला लागला, आणि घरात असा दर्प सुटला की आजींना वाटलं गॅस गळतोय. "मी आधी शेगडीची बटणं बघितली. सगळी बंद. मग रेग्युलेटर शोधतीय तर यांच्याकडे सिलिंडरच नाही! सगळ्यांना उठवलं आणि थंडीत बाहेर काढलं." दूरवरून येणारा स्कंकचा वास वेगळा आणि अंगावर घेतलेला वेगळा. जवळून तो जळका रबर, सडका लसूण आणि गॅस यांचं मिश्रण असतो, डोळ्यांतून पाणी काढतो. पहिल्यांदा अनुभवणारा माणूस गॅस कंपनीला फोन करतो, असं इथे बऱ्याच वेळा होतं. आजींनी केलं ते अगदी बरोबर केलं.

मी हातमोजे चढवले, बादली काढली. वडील शनिवारचा पाढा वाचत होते. आधी टोमॅटोचा रस. घरातला संपला. मग दुकानातून आणलेला महागडा शाम्पू. त्यावर शेजाऱ्याने सांगितलं, टोमॅटो जास्त घट्ट हवा. तेव्हा फडताळात होत्या त्या पास्ता सॉसच्या बाटल्या.

टोमॅटोचा हा समज इथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. टोमॅटो त्या थायॉलना काहीही करत नाही. होतं एवढंच की तासभर त्या दर्पात राहून नाक थकतं, तो वास नोंदवायचंच बंद करतं, आणि टोमॅटोचा नवा वास मात्र त्याला कळतो. घरच्यांना वाटतं गुण आला. बाहेरून येणारा पाहुणा दारातच नाक धरतो.

अंग धुण्याआधी मी डोळे बघते, कारण पिचकारी बहुतेक तोंडावरच बसलेली असते. पेढ्याचे डोळे लाल होते, पण बुबुळावर जखम दिसली नाही. चावल्याच्या खुणाही शोधाव्या लागतात. स्कंकला रेबीज असू शकतो. पिचकारीतून तो होत नाही, चाव्यातून होतो. केसांत बोटं घालून मान, पाय, ओठ सगळं तपासलं, कुठे दात लागलेला नव्हता. रेबीजची लस वेळेत झालेली होती.

एवढ्यात आजी म्हणाल्या, "अगं पोरी, तू डोळे बघतीयस ते बरंय, पण हा काल संध्याकाळपासून तांबडं मुततोय. मी दोनदा सांगितलं. ह्यांना सगळ्यांना वासाचंच पडलंय."

मी ओठ वर केला. निरोगी कुत्र्याच्या हिरड्या गुलाबी असतात, बोटाने दाबल्या की पांढऱ्या होतात आणि सोडल्या की लगेच रंग भरतो. पेढ्याच्या हिरड्या फिक्या होत्या, आणि नुसत्या फिक्या नव्हत्या, त्यांच्यावर मळकट तपकिरी छटा होती. उभ्या उभ्या तो धापा टाकत होता. बादली तिथेच ठेवली, त्याला उचलला आणि वास, रिसेप्शन, बाकीचे पेशंट यांचा विचार न करता सरळ आत गेले.

आमच्या डॉक्टरीणबाई नाकावर रुमाल धरून आल्या आणि हिरड्या बघताच रुमाल विसरल्या. मी रक्त काढलं. सिरिंजमध्येच रंग चुकल्यासारखा वाटत होता. दवाखान्यात रक्तदात्या कुत्र्याचा ताजा नमुना होता. पांढऱ्या टिपकागदावर त्याचा एक थेंब आणि शेजारी पेढ्याचा एक थेंब टाकला. पहिला हवेत लालभडक झाला. पेढ्याचा चॉकलेटी होता तो चॉकलेटीच राहिला. याचा अर्थ रक्तातल्या हिमोग्लोबिनचं काही प्रमाणात मेथहिमोग्लोबिन झालं होतं, आणि ते प्राणवायू वाहून नेत नाही. बारीक काचनळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून काढली. तांबड्या पेशींचा थर 22 टक्के, कुत्र्यात तो साधारण 37 ते 55 असायला हवा. वरचं पाणी स्वच्छ हवं, ते लालसर होतं. पेशी आतल्या आत फुटत होत्या. स्लाइडला न्यू मिथिलिन ब्लू लावून भिंगाखाली धरली, तर पेशींच्या कडेला गडद निळे टिपके, कुठे कुठे टेंगळासारखे बाहेर आलेले. त्यांना हाइन्झ बॉडी म्हणतात. हिमोग्लोबिन बिघडून गोळा झालं की ते दिसतात, आणि अशा पेशी शरीर मोडीत काढतं.

स्कंकच्या पिचकारीने कुत्र्याला असा रक्तक्षय झाल्याच्या नोंदी आहेत, पण थोड्या. जवळून, भरपूर, तोंडात गेलं तर होऊ शकतं. याच्यापेक्षा कितीतरी अधिक वेळा हाइन्झ बॉडी दिसतात त्या कांद्या-लसणाने. म्हणून डॉक्टरीणबाईंनी मला मालकांकडे पाठवलं. विचार, म्हणाल्या, कांदा खाल्लाय का.

मराठी घरातल्या आजीला हा प्रश्न कसा विचारायचा? मी विचारला, आणि आजींचा चेहरा उतरायच्या ऐवजी चढला. "मी त्याला कांदा घालीन का? मला आल्याच दिवशी सुनेनं बजावलंय. भाजी नाही, आमटी नाही, भजं नाही. अळणी पोळी आणि उकडलेली कोंबडी, तीही बिनमिठाची. मीच त्याला वाढते."

तेवढ्यात नातू म्हणाला, "पण पास्ता सॉस त्याने चाटला ना. सगळ्या अंगावरचा."

वडील गप्प झाले. मी बाटलीवर काय लिहिलंय ते फोनवर शोधून दाखवायला सांगितलं. टोमॅटो प्युरी, कांदा, लसूण, तेल, मीठ. कुत्र्याला अंगभर ते लेप लावून दहा-पंधरा मिनिटं बाथरूममध्ये बसवलं होतं, आणि कुत्रा काही पुतळा नव्हे. बारा किलोचा जीव, आधीच तोंडात स्कंक, वरून हे. दोष कुणाचा किती हे डॉक्टरीणबाईंनी ठरवायचा प्रयत्न केला नाही. चाटलेल्या सॉसमध्ये कांदा फार नसणार, मुख्य मार पिचकारीचाच असावा, असं त्यांचं मत. उपचार दोन्हींवर एकच: विषारी गोष्ट पुढे पोटात जाऊ द्यायची नाही, प्राणवायू द्यायचा, सलाइन लावून मूत्रपिंडं वाहती ठेवायची आणि पेशी किती वेगाने फुटतायत त्यावर डोळा ठेवायचा.

आता प्रश्न असा की कुत्र्याला आंघोळ घालायची की नाही. धाप लागलेल्या कुत्र्याला टेबलावर धरून चोळणं शक्य नव्हतं. तोंड, ओठ आणि पुढचे पंजे, म्हणजे जिथे तो चाटणार तेवढं, ओल्या फडक्याने पुसून घेतलं, चाटता येऊ नये म्हणून गळ्यात शंकूसारखी कॉलर घातली आणि तो तसाच, दर्पासकट, ऑक्सिजनच्या पिंजऱ्यात गेला. पुढे जे झालं ते दवाखान्यात अजून निघतं. प्रतीक्षागृहातल्या दोन बाया मांजरांचे पिंजरे उचलून गाडीत जाऊन बसल्या. एका गृहस्थांनी गटार तुंबलंय का विचारलं. रिसेप्शनवर सगळ्या सुगंधी मेणबत्त्या पेटल्या आणि दालचिनी अधिक स्कंक हा एक तिसराच प्रकार तयार झाला. त्या पिंजऱ्याच्या दाराचं रबर शेवटी बदलावं लागलं.

संध्याकाळी तांबड्या पेशींचा आकडा 17 वर आला. रक्तगट तपासून, साठ्यातल्या तांबड्या पेशी चढवायचं ठरलं. पहिली पंधरा-वीस मिनिटं थेंब अगदी सावकाश सोडतात, ताप, सूज, उलटी काही होतंय का बघतात. मी शेजारी स्टूल टाकून बसले होते. नाकाने केव्हाच हार मानली होती, मला काही वास येत नव्हता. रात्री उशिरा हिरड्यांवरची मळकट छटा कमी झाली. सकाळी 26, आणि पेढ्याने कॉलरसकट वाटीत तोंड घातलं.

घरी सोडायच्या दिवशी राहिलेली आंघोळ झाली, दवाखान्याच्या मागे, उन्हात. यासाठी वापरतात ते मिश्रण पॉल क्रेबॉम या इलिनॉयमधल्या रसायनतज्ज्ञाचं. प्रयोगशाळेतले गंधकाचे घाण वायू मारायला तो अल्कधर्मी हायड्रोजन पेरॉक्साइड वापरायचा. सहकाऱ्याच्या मांजरावर स्कंकने फवारलं तेव्हा त्याने त्याचंच सौम्य रूप सुचवलं, आणि 1993 मध्ये ते 'केमिकल अँड इंजिनिअरिंग न्यूज'मध्ये छापून आलं. औषधाच्या दुकानातलं 3 टक्क्यांचं पेरॉक्साइड साधारण लिटरभर, पाव कप खायचा सोडा, एक-दोन चमचे भांड्यांचा पातळ साबण. साबण तेल सोडवतो, बाकीचे दोघे थायॉलला प्राणवायू जोडून त्याचं वास नसलेलं, पाण्यात विरघळणारं संयुग करतात. कुत्रा आधी ओला करायचा नाही, कोरड्या केसांतच मुळापर्यंत चोळायचं, पाच मिनिटं ठेवून भरपूर पाण्याने धुवायचं. डोळ्यांत जाता कामा नये, म्हणून तोंडाला फडक्याने. फसफसतंय तोवरच त्यात जोर.

नातवाने उरलेलं मिश्रण पाण्याच्या बाटलीत भरायला घेतलं होतं, ती मी त्याच्या हातातून काढून घेतली. त्यातून सतत प्राणवायू सुटतो, झाकण लावलं तर बाटली फुटते. म्हणून तर हे मिश्रण तयार बाटलीत विकायला येत नाही, दर वेळी ताजंच करावं लागतं.

आजी नाकाला पदर न लावता पेढ्याच्या डोक्याजवळ वाकल्या, एकदा मानेपाशी, एकदा कानापाशी हुंगलं, आणि लेकाला म्हणाल्या, गेला. मग जरा निरखून बघितलं. पेरॉक्साइडने केस थोडे उतरतात. कानांची टोकं आणि छातीवरचा पट्टा फिका झाला होता.

"कंदी पेढा आणला होता गं तुझ्याकडे. मलई पेढा करून दिलास."

केस नवे येतील, आजी, म्हटलं.

"येऊ देत सावकाश. तो सॉस मात्र मी सगळा केरात टाकलाय. पोरं आता पास्ता पांढऱ्या रश्श्यात खातायत."