बाटलीची चाळीस पाने

गेल्या मार्चमध्ये राजारामपुरीतल्या एका दुकानातून मी गरम-गार राहणारी स्टीलची बाटली आणली. बाटली एक लिटरची होती आणि तिच्यासोबत खोक्यातून निघालेली पुस्तिका चाळीस पानांची. पोर्तुगीज, पोलिश अशा अनेक भाषा तीत होत्या, मराठी मात्र नव्हती. त्यामुळे इंग्रजी मजकूर मराठी करून आईला वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे आले. ‘उपकरण सपाट व स्थिर पृष्ठभागावर उभे ठेवावे, एका हाताने मुख्य भाग घट्ट धरून दुसऱ्या हाताने वरचा घटक घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवावा,’ इथपर्यंत मी पोहोचलो तेव्हा आईने हातातली मेथी खाली ठेवली आणि विचारले, “अरे, बाटलीच आहे न्हवं ही?”

बाटलीच होती. झाकणाला ‘वरचा घटक’ म्हणायचे आणि पाणी पिण्याला ‘द्रवाचे सेवन’, एवढाच काय तो फरक. पुढच्या पानांवर बाटली हातोडी म्हणून वापरू नये, तिच्यावर उभे राहू नये, बाटली उलटी धरून झाकण काढल्यास द्रव बाहेर पडण्याची शक्यता आहे, असे पुष्कळ ज्ञान होते. सातव्या पानावर आम्ही वाचन थांबवले.

खरे तर या वस्तूइतकी सरळ वस्तू शोधून सापडणार नाही. जेम्स ड्यूअर या शास्त्रज्ञाने 1892 मध्ये लंडनमध्ये अतिथंड द्रवरूप वायू साठवण्यासाठी एकात एक बसवलेली दोन भांडी वापरली आणि त्यांच्यामधली हवा काढून टाकली. मध्ये हवाच नसल्याने उष्णतेला इकडून तिकडे जायला फारशी वाट उरत नाही. ड्यूअरने पेटंट घेतले नाही आणि पुढे जर्मनीत त्याच कल्पनेचा धंदा उभा राहिला. आजच्या स्टीलच्या बाटलीतही तत्त्व तेच आहे. तिच्यात हलणारा भाग एकच, तो म्हणजे झाकण.

आता माझी फजिती सांगतो. एप्रिलमधल्या एका संध्याकाळी रंकाळ्यावरून परतताना रसवंतीवर थांबून मी त्या बाटलीत उसाचा रस भरून घेतला. आईला घसा धरण्याची भीती असल्यामुळे रस बिनबर्फाचा होता. घरी आल्यावर पाहुणे आले, गप्पा रंगल्या, आणि बाटली ओट्यावर तशीच राहिली. सकाळी झाकण फिरवले तर ते हातातून सुटून थेट वरच्या फळीवर आदळले आणि आंबलेल्या रसाचा फेस भिंत, कॅलेंडर आणि माझा इस्त्रीचा शर्ट यांच्यावर समान न्यायाने वाटला गेला. उसातली साखर आंबते तेव्हा वायू तयार होतो, आणि घट्ट झाकणामुळे त्याला जायला जागा नव्हती. बाटलीने आपले काम चोख केले होते: कोमट रस रात्रभर कोमट ठेवला होता.

शर्ट भिजत घालून मी पुस्तिका पुन्हा काढली. एकोणिसाव्या पानावर, लहान मुलांनी बाटलीत डोके घालण्याचा प्रयत्न करू नये (तोंड जेमतेम दोन इंच रुंद आहे) आणि बाटली तरंगण्याचे साधन म्हणून वापरू नये, या दोन सूचनांच्या मधोमध एक ओळ होती: फसफसणारी पेये, दूध आणि आंबणारे रस साठवू नयेत. चाळीस पानांत मला उपयोगी पडणारी ओळ ती एवढीच.

कंपन्यांना कायद्याची धास्ती असते, असे एका वकील मित्राने सांगितले. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, पुरेशा सूचना किंवा इशारे न दिल्यामुळे इजा झाल्यास उत्पादकाला जबाबदार धरण्याची तरतूद आहेच. पण त्याच कायद्याचे 87 वे कलम असेही म्हणते की जो धोका उघड आहे किंवा वापरणाऱ्याला सर्वसाधारणपणे माहीत असतो, त्याचा इशारा दिला नाही म्हणून उत्पादक जबाबदार ठरत नाही. म्हणजे बाटलीवर उभे राहू नका, हे सांगण्याची सक्ती आपल्याकडे तरी कोणी केलेली दिसत नाही. तरीही ते छापले जाते. कारण एक ओळ वाढवायला खर्च नाही, आणि कोणती ओळ काढायची हे ठरवायला मात्र कोणाला तरी डोके वापरावे लागेल.

याउलट आमच्या चप्पल लाईनीतला दुकानदार बघा. कोल्हापुरी पायताण कागदात गुंडाळता गुंडाळता तो म्हणतो, “पावसात घालू नका, आणि भिजलंच तर सावलीत वाळवा, उन्हात टाकू नका.” संपली पुस्तिका. पायात कसे घालायचे, डावे कोणते, उजवे कोणते, हे तो सांगत नाही. गिऱ्हाईक पायांवर चालत आले आहे, हे त्याने पाहिलेले असते.

बाटली अजून वापरात आहे. आईने तिच्यावर जुन्या वहीच्या कागदाची चिठ्ठी चिकटवली आहे: ‘रस भरायचा नाही.’ परवा बहिणीचा मुलगा पाणी प्यायला आला, त्याने ती वाचली आणि लगेच विचारले, “का? काय झालं होतं?”