‘पेशंटला सांगू नका हं, डॉक्टर’

मुंबईत पालिकेच्या रुग्णालयात इंटर्नशिप करताना कॅज्युअल्टीत हे वाक्य सतत कानावर पडायचं. मुलगा किंवा जावई हळूच बाजूला घेऊन म्हणायचा, ‘काय असेल ते आम्हाला सांगा, आईला नको.’ त्यामागे मायाच असते. तरीही इंग्लंडमध्ये इमर्जन्सी विभागात काम करताना माझं मत पक्कं झालंय: माणूस शुद्धीवर असेल तर आधी त्याला सांगायचं, मग नातेवाइकांना.

इथे समज शाबूत असलेल्या प्रौढ माणसाच्या उपचाराचा निर्णय कायद्यानेच त्याचा असतो, मुलाचा किंवा नवऱ्याचा नाही. आपल्याकडेही कायदा काही फार वेगळं सांगत नाही. तपासणीसाठी भूल दिलेल्या एका बाईंच्या आईची संमती घेऊन त्यांचं गर्भाशय काढलं गेलं होतं. जीव वाचवण्याची निकड नसताना आईची संमती चालणार नाही, असा निकाल आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली दिला.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते छातीत दुखतंय म्हणून आलेल्या माणसाला पहिला ईसीजी बघून ‘सगळं नॉर्मल आहे, घाबरू नका’ म्हणणं. पहिला ईसीजी नॉर्मल असूनही हार्ट अटॅक असू शकतो. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ट्रोपोनिन हे प्रथिन रक्तात वाढतं, पण ते वाढायला वेळ लागतो, म्हणून ती तपासणी बऱ्याचदा काही तासांनी पुन्हा करावी लागते. मधल्या काळात खरं उत्तर ‘अजून माहीत नाही’ एवढंच असतं. खोट्या दिलाशावर विसंबून माणूस अ‍ॅसिडिटीची गोळी घेतो आणि घरी निघून जातो.

लेकाकडे आलेले डोंबिवलीचे एक काका असेच आमच्याकडे आले होते. लेकाने मराठीतच विनवलं, बाबांना काही बोलू नका. मी काकांनाच विचारलं, किती सांगू? ते म्हणाले, ‘सगळं सांगा. पेन्शनचे कागद कुठे ठेवलेत ते हिला माहीत नाही.’ मग मी सांगितलं, ‘काका, ईसीजी आत्ता ठीक दिसतोय, पण हृदयाचा त्रास नाहीच असं मला अजून म्हणता येत नाही. रक्ताचा दुसरा रिपोर्ट आला की मी स्वतः येऊन सांगते. तोवर दुखणं वाढलं किंवा घाम सुटला तर लगेच हाक मारा.’ काकूंना कागदांचं कपाट कळलं, आणि काका शांत पडून राहिले.

कुणी म्हणतं, ‘माझ्या मुलाशीच बोला.’ तेही मान्य, कारण ते त्या माणसाने स्वतः ठरवलेलं असतं.

मुंबईतली गर्दी मी पाहिली आहे. एका रेसिडेंटभोवती चारी बाजूंनी केसपेपर पुढे आलेले असतात. तरी वरची वाक्यं बोलायला अर्धा मिनिट पुरतो. चिडलेल्या नातेवाइकांच्या मारहाणीची भीतीही खरी आहे. त्यासाठी महाराष्ट्राला 2010 साली कायदा करावा लागला. पण तासन्‌तास काहीच न कळता बाहेर उभं राहिलेल्या माणसांचा संताप वाढतच जातो, हेही मी तिथेच पाहिलंय.

उपचारात चूक होऊन गंभीर इजा झाली, तर इंग्लंडमध्ये 2014 पासून रुग्णालयाला ते पेशंटला सांगून माफी मागावी लागते. नुसत्या माफीने कायदेशीर दोष कबूल केल्यासारखं होत नाही, हे 2006 च्या कायद्यातच म्हटलंय. अशी तरतूद आपल्याकडेही यावी, असं मला मनापासून वाटतं.

आईबाबांना कॅज्युअल्टीत न्यायची वेळ आली तर डॉक्टरांना बाहेर बोलावू नका. त्यांच्या खाटेपाशीच विचारा: तुम्हाला काय शंका आहे, कशाची वाट बघताय, आणि कधी कळेल?