मागे राहिलेली सेना

स्नेहसंमेलनात कुसुमाग्रजांचं ‘वेडात मराठे वीर दौडले सात’ बसवायचं ठरलं तेव्हा मी नववीत होतो. सातांत नंबर लागावा म्हणून वर्गातली सगळी पोरं बाईंच्या मागे लागलेली. नेसरीची खिंड आपल्या शाळेपासून पायी जाण्याच्या अंतरावर. त्या वयात आम्हाला दोनच टीम तोंडपाठ होत्या, एक क्रिकेटची आणि दुसरी या सातांची. माझी उंची कमी, अंग किरकोळ. मला सेनेत टाकलं. सात जण बांबूच्या घोड्यांवर बसून निघाले की आम्ही पंधरा-वीस जणांनी आ वासून बघत राहायचं, एवढंच काम.

मी तोंड पाडून बसलो. बाई म्हणाल्या, “अरे, ‘आश्चर्यमुग्ध टाकून मागुती सेना’ असं कवीनंच लिहून ठेवलंय. सेना नसेल तर ते सात कुणाला सोडून गेले?” समजूत घालायला बोलल्या असतील असं तेव्हा वाटलं.

बसवण्याआधी बाईंनी दोन तास घेऊन ती कविता वर्गात वाचली. सुरुवातीलाच म्हणाल्या, “यातली माणसांची नावं वहीत लिहा.” आम्ही पेन्सिली सरसावल्या आणि तशाच बसून राहिलो. शिवाजी महाराजांचं नाव नाही, प्रतापराव गुजरांचं नाही, बहलोलखानाचं नाही. सहा सरदारांची नावं आमच्याकडे म्हातारी माणसं घडाघडा सांगतात, त्यातलं एकही नाही. नेसरीसुद्धा नाही! आमच्या गावाकडचं म्हणून ज्या गाण्यावर आम्ही एवढा हक्क सांगत होतो, त्यात आमचा पत्ताच नव्हता. ‘प्रभू’ आहेत, ‘गनीम’ आहे आणि सात हा आकडा आहे. बाकी सगळं आम्ही घरून आणून भरलं होतं.

मग त्यांनी इतिहास सांगितला. एप्रिल १६७३ मध्ये उमराणीला महाराजांचे सरनोबत, म्हणजे सेनापती, प्रतापरावांनी आदिलशाही सरदार बहलोलखानाचं पाणी तोडलं. खान शरण आला, दयेची भाषा बोलला, आणि रावांनी त्याला जाऊ दिलं. महाराज संतापले. सभासद बखरीत त्यांचा सवाल आहे, सला (म्हणजे तह) काय निमित्य केला? खान पुन्हा उलटला तेव्हा हुकूम गेला की त्याला बुडवून फत्ते करा, नाहीतर तोंड दाखवू नका. २४ फेब्रुवारी १६७४ ला नेसरीला राव सहा जणांनिशी खानाच्या फौजेवर तुटून पडले आणि सातही जण पडले, त्याच्या मागे ही गोष्ट आहे.

“आता पहिलं कडवं वाचा,” बाई म्हणाल्या. पहिलं कडवं म्हणजे पत्रच. कुणी लिहिलं, कुणाला लिहिलं, काही न सांगता गाणं थेट त्या पत्रात शिरतं. आणि पत्रात ठपका आहे तो रण सोडून पळाल्याचा. इतिहासातल्या रावांवर ठपका होता तो हातात आलेला शत्रू सोडल्याचा. पळणं वेगळं, सोडणं वेगळं. कवीनं हे का बदललं असेल? वर्गात शांतता. बाईंनीही उत्तर दिलं नाही. मला आज वाटतं की दया केली म्हणून बोलणी खाल्लेला माणूस गाण्यात मावत नाही. त्याची बाजू समजावून सांगण्यातच चार कडवी गेली असती. पळाल्याचा डाग मात्र एका ओळीत कळतो आणि मग घोडे लगेच सुटतात.

त्याच कडव्यात घरोघरच्या अबला लाजतील अशी ओळ आहे. मागच्या बाकावरून एक मुलगी उठली नि म्हणाली, “बाई, पळाली पुरुषं आणि लाजायचं आम्ही व्हय?” बाई इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. “हे कुसुमाग्रजांना विचारायला हवं होतं,” म्हणाल्या. तिच्या प्रश्नालाही उत्तर मिळालं नाही. त्या वर्गात प्रश्न असेच बाकावर सोडून दिले जायचे, डबा विसरल्यासारखे.

दुसऱ्या तासाला त्यांनी फळ्यावर एकच शब्द लिहिला, ‘वेड’. कुसुमाग्रजांच्याच ‘क्रांतीचा जयजयकार’मध्ये तुरुंगातले कैदी आईला निरोप धाडतात, की तुझी ही वेडी मुलं अंधारातून तुला शेवटचा नमस्कार करतायत. तिथं वेड कसलं, ते कवीनं सांगून टाकलंय. मुक्तीचं. इथं कसलं?

“इथंबी स्वराज्याचंच की!” आम्ही एका सुरात.

“स्वराज्य हा शब्द दाखवा मला.”

शोधला. नव्हता. स्वातंत्र्यही नव्हतं. सापडलं ते ‘अपमान बुजविण्या’. म्हणजे आम्ही पंधरा ऑगस्टला छाती काढून जे म्हणत होतो ते, अक्षरं बघितली तर, एका दुखावलेल्या माणसाचं गाणं होतं. माझ्या बाजूचा पोरगा चिडून म्हणाला, “मग काय उगंच मेली व्हय ती?” बाई म्हणाल्या, “उगंच म्हणाले का मी? गाण्यात काय आहे ते आधी बघा, आपल्या मनात काय आहे ते नंतर.”

रविवारी खिंडीत गेलो. शेवटच्या कडव्यात लिहिलंय की दगडांवर टाचा अजून दिसतील आणि ओढ्यात रक्ताचा रंग अजून तरंगतो. आम्ही अर्धा तास दगड पालथे घातले. ओढ्याचं पाणी चहाला चालेल असं निर्मळ. “बाई, हे तर पांढरंच हाय!” एकाची तक्रार. बाईंनी पायाखालची तांबडी माती चिमटीत धरून दाखवली. “मिरगाचा पाऊस पडला की ये परत, मग सांग.” तो खरंच गेला जूनमध्ये. ओढा तांबडालाल होऊन येतो हे आम्हाला जन्मापासून माहीत होतं, पण ओळीशी जोडलेलं नव्हतं.

त्याच कडव्यावरून कार्यक्रमात भांडण झालं. सात पडले की ‘शिवाजी महाराज की जय’ म्हणून पडदा टाकायचा असं सगळ्यांना वाटत होतं, टाळ्या तिथंच मिळतात. बाई अडून बसल्या. गाणं जयजयकारावर संपत नाही, विराणीवर संपतं. कुणीतरी वाऱ्यावर अजून रडगाणं गातंय आणि ते ऐकायला मागे राहिलेली सेनाच तेवढी आहे. म्हणून पूर्ण कडवं होईपर्यंत आम्ही पंधरा-वीस जण उघड्या तोंडानं उभे राहिलो. टाळ्या कमीच पडल्या.

दहावीनंतर मी बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झालो. तिथं पहिल्याच महिन्यात उस्तादांनी शिकवलं की हुकमाशिवाय पुढे सरकलेला जवान शूर नसतो, शिक्षेला पात्र असतो. मला रात्री बराकीत बाईंचा फळा आठवला. सरनोबत लष्कर मागे टाकून सहा स्वारांनिशी निघतो, हे कुठल्या शिस्तीत बसतं? मग त्या लष्कराचं पुढे काय झालं, हे मी सुट्टीत शोधून वाचलं. रावांच्या हाताखालच्या आनंदरावांनी ते सावरलं. हंसाजी मोहिते सरनोबत झाले, हंबीरराव म्हणून आपण त्यांना ओळखतो. प्रतापरावांची मुलगी महाराजांनी राजारामांसाठी सून करून घेतली. आणि ६ जून १६७४ ला, म्हणजे नेसरीनंतर साडेतीन महिन्यांच्या आत, रायगडावर राज्याभिषेक झाला. गाण्यात नसलेलं स्वराज्य ते हे. ते सातांनी पाहिलं नाही. मागे उरलेल्यांनी पाहिलं, त्यांनीच पुढे राखलं. हंबीररावांवर कुणी गाणं म्हणताना मी फारसं ऐकलेलं नाही.

नोकरीत असताना एकदा एका जवानाचं पार्थिव त्याच्या गावी पोचवायची ड्यूटी माझ्याकडे आली. वेशीवर कर्ण्यावर हेच गाणं. ट्रक चौकात थांबला तेव्हा गाण्यात उल्का दर्यात कोसळत होत्या. शेवटचं कडवं सुरू होणार, तोच कुणीतरी बटण बंद केलं, भाषणं सुरू करायची होती. त्याची आई ओट्यावर बसली होती. ती गुणगुणल्यासारखं एकसुरी काहीतरी म्हणत होती, शब्द कळत नव्हते. भाषणं चालू असतानाही ती थांबली नाही.

मी हवालदार म्हणून निवृत्त झालो. सातांत कधीच नव्हतो. सतरा वर्षांत बहुतेक वेळ रसद, दारूगोळा, गाड्या, याद्या.

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनाला शाळेनं मला पाहुणा म्हणून बोलावलं. पोरांनी हेच गाणं केलं. घोडे थर्माकोलचे, धूर मशीनचा, आवाज पेन ड्राइव्हवरून. मुलीही सातांत होत्या, ते मला फार आवडलं. सेना मात्र नव्हती, स्टेजवर जागा नव्हती म्हणे. घरी येऊन बाईंना फोन लावला. त्या आता पुण्यात मुलाकडे असतात, ऐकू कमी येतं. पोरांनी गाणं केलं एवढं ऐकताच त्यांनी विचारलं, “शेवटचं कडवं झालं का?”

“नाही बाई. वेळ संपला होता.”

“मग परत लावा म्हणावं.”