इंजिनाच्या मापाचा रूळ

आपल्याकडे रेल्वे कार्यालयांच्या दारात, स्थानकांच्या आवारात आणि शहरांतील उद्यानांत चौथऱ्यावर उभी केलेली वाफेची इंजिने पुष्कळ दिसतात. त्यांना वेळोवेळी रंग दिला जातो, पितळी पाट्या घासल्या जातात आणि येणारे-जाणारे त्यांच्यासमोर छायाचित्रे काढतात. हेही चांगलेच आहे, कारण ज्या इंजिनांना चौथरा मिळाला नाही ती बहुतेक भंगारात गेली. तरीही वाफेच्या इंजिनाचे खरे जतन म्हणजे ते चालते ठेवणे, असे माझे ठाम मत आहे. आणि ते चालते ठेवायचे तर कार्यशाळेइतकेच महत्त्व त्याला मानवेल अशा रुळाला आहे. कार्यशाळेतल्या कामाचे आपण कौतुक करतो, पण रुळाचा विचार सुरू होईपर्यंत बहुधा रूळ उखडून झालेले असतात.

कार्यशाळेतले काम कष्टाचे असले तरी ते कसे करायचे हे ठाऊक असलेली माणसे अजून आहेत. बॉयलरमधल्या नळ्या काढाव्या लागतात, कोळसा जळतो त्या फायरबॉक्सच्या आतल्या आणि बाहेरच्या भिंतींना एकमेकींशी बांधून ठेवणारे स्टे एकेक करून तपासावे लागतात, गंजून पातळ झालेला पत्रा कापून त्या जागी नवा बसवावा लागतो, आणि एवढे झाल्यावर बॉयलर पाण्याने काठोकाठ भरून तो नेहमीच्या दाबापेक्षा अधिक दाब सोसतो की नाही हे पाहावे लागते. ही परीक्षा पाण्यावर घेण्याचे कारण असे, की पाणी जवळजवळ दबतच नाही. त्यामुळे कुठे फट पडली तरी दाब क्षणात उतरतो, वाफेसारखा स्फोट होत नाही. या परीक्षेत उतरल्यावरच बॉयलरखाली पुन्हा विस्तव पेटतो.

या कामाचे आपल्या देशातले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे ‘फेअरी क्वीन’. लीड्सच्या किटसन, थॉम्प्सन आणि हेविटसन या कारखान्यात १८५५ साली बांधलेले, ईस्ट इंडियन रेल्वेचे हे २२ क्रमांकाचे इंजिन अनेक दशके प्रदर्शनातच होते. चेन्नईच्या पेरांबूर कार्यशाळेत ते दुरुस्त झाले आणि १९९७ मध्ये दिल्ली-अलवर मार्गावर प्रवासी घेऊन धावू लागले. २०११ मध्ये त्याचे सुटे भाग चोरीला गेल्याचे उघड झाले, तेव्हाही पेरांबूरच्या कारागिरांनी ते पुन्हा उभे केले. हरियाणातील रेवाडीची १८९३ सालची लोको शेडही अशीच जपली गेली असून तिथे ब्रॉडगेज आणि मीटरगेज अशी दोन्ही प्रकारची इंजिने आजही वाफेवर आणता येतात.

मात्र ब्रॉडगेजवर अशा इंजिनाला वाट काढून देणे दिवसेंदिवस अवघड होत आहे. मुख्य मार्गांवर गाड्यांची इतकी दाटी आहे, की ताशी चाळीस किलोमीटरने जाणाऱ्या इंजिनासाठी वेळापत्रकात मोकळी जागा सापडत नाही. इंजिनात पाणी भरणारे वॉटर कॉलम केव्हाच काढून टाकले गेले, त्यामुळे पाण्यासाठी टँकर बोलवावा लागतो. इंजिन फिरवण्याची टर्नटेबले बुजवली गेली. त्यातच जवळजवळ सर्व ब्रॉडगेज मार्गांवर आता विजेच्या तारा आल्या आहेत. २५,००० व्होल्टच्या तारेखाली टेंडरवर, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या गाड्यावर, चढून कोळसा ओढणे किंवा पाण्याचे झाकण उघडणे जिवावरचे काम आहे, आणि धुराची काजळी तारेच्या इन्सुलेटरवर बसते ती वेगळीच. म्हणून गेल्या काही वर्षांत अहमदाबाद-एकतानगर गाडीसारखा एक पर्याय पुढे आला, ज्यात विजेच्या इंजिनाला वाफेच्या इंजिनाचे रूप दिले जाते. प्रवाशांना ते आवडते आणि त्यात काही गैर नाही, पण त्याला इंजिनाचे जतन म्हणता येणार नाही.

नॅरोगेजचा, म्हणजे अरुंद रुळांच्या मार्गांचा, प्रश्न याहून बिकट आहे, आणि तो आपल्या घरचा आहे. रूळ इंजिनाच्या मापाचा असावा लागतो, तो केवळ रुंदीने नव्हे. इंजिनाच्या प्रत्येक आसावर, म्हणजे दोन चाके जोडणाऱ्या दांड्यावर, किती भार येतो, तो भार पेलायला रूळ किती जाड हवा, रुळांखालचे स्लीपर किती जवळ हवेत, वळण किती तीव्र चालेल आणि चढ किती सोसेल, या सगळ्यांचा मेळ बसावा लागतो. हा मेळ शास्त्र म्हणून ज्याने मांडला, त्या एव्हरार्ड कॅलथ्रॉप या ब्रिटिश अभियंत्याने आपला सिद्धांत प्रत्यक्षात उतरवला तो सोलापूर जिल्ह्यात. बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी गाव अशी अडीच फुटी बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली. इंजिन असो की मालाची वाघीण, कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, हा कॅलथ्रॉपचा नियम होता. तो पाळल्यामुळे यार्डाला अवघ्या ३० पौंडांच्या, म्हणजे मीटरला सुमारे १५ किलोच्या, रुळावरून भरलेल्या वाघिणी नेता आल्या. आज आपल्या मुख्य मार्गांवर मीटरला ६० किलोचा रूळ असतो, हे लक्षात घेतले की त्या काटकसरीतले कौशल्य समजते. इंजिनाचे वजन अनेक चाकांवर वाटण्यासाठी लीड्सच्या किटसन कारखान्याकडून आठ जोडचाकांची इंजिने करून घेतली होती. तोच कारखाना, ज्याच्या जुन्या नावाखाली ‘फेअरी क्वीन’ बांधले गेले.

ही रेल्वे पुढे पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत गेली. आषाढीच्या दिवसांत पंढरपूरकडे जाणाऱ्या वारकऱ्यांच्या कितीतरी पिढ्या या छोट्या डब्यांतून गेल्या आहेत. २००० नंतर टप्प्याटप्प्याने हा सगळा मार्ग ब्रॉडगेज झाला. लातूर आणि पंढरपूरला थेट मोठी गाडी मिळणे ही तिथल्या लोकांची रास्त गरज होती आणि रुंदीकरणाला विरोध करावा असे मला कधीही वाटले नाही. खंत एवढीच आहे, की जगभरच्या हलक्या रेल्वेमार्गांना ज्याने दिशा दिली, त्या मार्गाचा इंजिन चालवता येईल असा तीन-चार किलोमीटरचा तुकडाही आपण बाजूला ठेवला नाही.

विदर्भातली ‘शकुंतला’ ही नॅरोगेज रेल्वे त्याच वाटेवर आहे. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर मार्गावर मँचेस्टरमध्ये १९२१ साली बांधलेले झेडडी वर्गाचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत रोजची गाडी ओढत होते. नागपूरच्या मोतीबागेतील नॅरोगेज संग्रहालय या परिसरातील इंजिने आणि साहित्य मायेने सांभाळते, परंतु नागपूरहून निघणारे नॅरोगेज मार्ग एकेक करून बंद झाले आणि २०१९ मध्ये नागभीडचा शेवटचा मार्गही रुंदीकरणासाठी थांबला. तिथले एखादे इंजिन उद्या वाफेवर आणले, तर ते संग्रहालयाच्या कुंपणाबाहेर जाणार कुठे?

रूळ नसेल तर माणूस काय करू शकतो, याचे एक विलक्षण उदाहरण इंग्लंडमध्ये घडले. दार्जिलिंगचे १८८९ सालचे बी वर्गाचे १९ क्रमांकाचे इंजिन १९६०च्या दशकात अमेरिकेला विकले गेले होते. चिल्टर्न रेल्वेज या तिथल्या रेल्वे कंपनीचे तेव्हाचे प्रमुख एड्रियन शूटर यांनी ते मिळवले, ब्रिटनमध्ये आणून दुरुस्त करवले आणि त्याला धावता यावे म्हणून ऑक्सफर्डशायरमधल्या आपल्या घराभोवतीच दोन फुटी रूळ टाकले. इतकी साधनसंपत्ती सर्वांकडे नसते, हे खरे. पण आधी इंजिन आणि त्यापाठोपाठ त्याच्या मापाचा रूळ, हा त्यांचा क्रम मला अतिशय योग्य वाटतो.

महाराष्ट्रात अजून न गमावलेला दोन फुटी मार्ग म्हणजे नेरळ-माथेरान. आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने बांधलेला आणि १९०७ मध्ये सुरू झालेला हा सुमारे वीस किलोमीटरचा मार्ग विसास एक इतक्या चढाने डोंगर चढतो आणि त्याची वळणे इतकी आवळ आहेत, की साधे सहा चाकी इंजिन तिथे रुळावरून उतरेल. त्यासाठी जर्मनीच्या ऑरेनश्टाइन उंड कोपेलने जी चार इंजिने बांधली, त्यांच्या पुढच्या आणि मागच्या आसांची रचना वेगळी होती: चाके एका पोकळ आसावर बसवलेली आणि तो पोकळ आस आतल्या भरीव आसाच्या मध्यावरील गोलाकार सांध्यावर थोडा वळू शकेल असा. वळणात शिरताना चाके आपोआप रुळाच्या दिशेने फिरत. या योजनेतही कॅलथ्रॉपचा हात होता. यातले एक इंजिन दिल्लीच्या संग्रहालयात आहे, एक ब्रिटनमध्ये गेले आहे. पुढे दार्जिलिंगचे ७९४ क्रमांकाचे इंजिन नेरळला आणून वाफेचा प्रयोगही झाला.

माथेरानचा रूळ पावसाळा दरवर्षी खिळखिळा करतो. २००५ आणि २०१९ च्या अतिवृष्टीत भराव वाहून गेले आणि दोन्ही वेळा मार्ग दीर्घकाळ बंद राहिला. तो पुन्हा बांधणाऱ्या कामगारांचे ऋण मी मानतो, कारण तो आहे म्हणूनच इथे वाफेच्या इंजिनाची चर्चा करता येते. माथेरानचे जंगल पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र असल्याने कोळशाच्या ठिणग्यांची भीती रास्त आहे. मात्र निलगिरी रेल्वेवर तेलावर चालणारी वाफेची इंजिने वापरात आहेत आणि अशी नवी इंजिने तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कार्यशाळेत बांधली गेली आहेत. संपूर्ण घाटाचा आग्रहही नको. अमन लॉज ते माथेरान हा वरचा छोटा टप्पा आठवड्यातून एखाद्या दिवशी वाफेवर चालवता आला, तरी पुरे आहे.

इतरत्र काय करता येईल, याचा नमुना मध्य प्रदेशात आहे. महू-खंडवा मार्गाच्या रुंदीकरणात पातालपाणी ते कालाकुंड हा जुना मीटरगेज घाट रेल्वेने मुद्दाम राखून ठेवला आणि २०१८ पासून तिथे पर्यटकांची गाडी धावते. इंजिन डिझेलचे असले तरी रूळ शाबूत आहे, त्यामुळे वाफेची वाट मोकळी आहे. ‘शकुंतले’च्या रुंदीकरणाचा आराखडा होईल तेव्हा मूर्तिजापूरजवळचे काही किलोमीटर असेच राखून ठेवण्याची तरतूद त्यात असावी, यासाठी विदर्भातील रेल्वेप्रेमींनी आणि लोकप्रतिनिधींनी आतापासूनच रेल्वेकडे लेखी मागणी करावी.